डिमसम खायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातल्या आमच्या डिमसमच्या हॉटेलात आत किचनमध्ये ताई असते आणि बाहेर मी. ताई म्हणजे शेफ आणि मालकीण. मी तिचा धाकटा भाऊ. गल्ला, फोन आणि चहा माझ्याकडे. फोनवर जे रोज विचारलं जातं ते इथे लिहून ठेवतोय. उत्तरं माझी आहेत, पण पीठ, वाफ आणि सारणाचा विषय आला तिथे ताईला विचारून लिहिलंय.

हे मोमोच ना?

नाही. मोमो तिबेट आणि नेपाळकडचा: मैद्याची पारी, आत कोबी किंवा चिकन, सोबत लाल चटणी. डिमसम हा एक पदार्थ नाहीच. दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंग प्रांतात आणि हाँगकाँगमध्ये सकाळी चहाबरोबर जे लहान लहान पदार्थ खातात, त्या सगळ्यांना मिळून डिमसम म्हणतात. त्यात उकडलेले आहेत, तळलेले आहेत, तव्यावर परतलेले आहेत, गोडही आहेत. मुळ्याची वडी डिमसम, अंड्याचा टार्टही डिमसम. पारीत सारण भरलेले प्रकार जास्त, म्हणून गल्लत होते. त्यात राग येण्यासारखं काही नाही. आमच्या आईनेही उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना 'पोरीने मोमोचं हॉटेल काढलंय' असंच सांगितलं होतं.

पारी काचेसारखी कशी दिसते? प्लास्टिक वगैरे नाही ना?

हा प्रश्न हार गाव बघून येतो. हार गाव म्हणजे कोळंबीचं सारण भरलेला, आतली गुलाबी कोळंबी बाहेरून दिसते तो प्रकार.

त्याची पारी मैद्याची नसते, गव्हाच्या चिकाची असते. तोच चीक, ज्याच्या कुरडया होतात. गहू भिजवून, वाटून, गाळून ठेवला की तळाशी पांढरा थर बसतो, तो हा. गव्हातलं ग्लुटेन म्हणजे चिवट प्रथिन बरंचसं निघून जातं आणि स्टार्च उरतो. मैद्याची पारी ग्लुटेनमुळे ताणली जाते, पण उकडल्यावरही पांढरी अपारदर्शक राहते. नुसत्या स्टार्चची पारी वाफेत फुगते आणि तिच्यातून उजेड आरपार जातो.

ताई सुकवलेला चीक आणि थोडं टॅपिओकाचं (साबुदाणा ज्याचा करतात त्या कंदाचं) पीठ एकत्र करते आणि त्यावर उकळतं पाणी ओतते. पाणी खळखळ उकळतंच हवं. कोमट पाण्यात हे पीठ गोळा धरत नाही, दुधासारखं पातळ होऊन खाली बसतं. पाणी ओतून झाकण ठेवायचं, थोड्या वेळाने तेलाचा हात लावून गरम असतानाच मळायचं. ज्यांनी घरी मोदकाची उकड मळली आहे त्यांना हाताला बसणारे चटके सांगायला नकोत. लाटणं मात्र नाही. तेल लावलेल्या रुंद सुरीच्या पात्याने गोळी दाबून गोल फिरवायची, की पातळ चकती तयार. त्यात सारण ठेवून एका बाजूने चुण्या घालायच्या. सात तरी हव्यात असा जुना दंडक आहे, चांगला हात दहा-बारा घालतो. ताईच्या किती पडतात ते टोपली समोर आल्यावर मोजा. मोजणारे बरेच जण आहेत.

वाफेवर पाच-सहा मिनिटं पुरतात. जास्त झाली तर पारी फुटते, कमी झाली तर मध्ये पांढरी राहते. आणि खाली उतरवल्यापासून ती थंड व्हायला लागते. स्टार्च थंड झाला की पुन्हा घट्ट बांधला जातो, पारी धुरकट होते, मग कडक आणि चिवट. आमच्या बहुतेक नियमांचं मूळ या एका गोष्टीत आहे. पुढची उत्तरं वाचताना ते ध्यानात ठेवलं तर आम्ही आखडू वाटणार नाही.

पत्ता, वेळ, पार्किंग?

राजारामपुरीत मेन रोडवरून आत गल्लीत, एका बंगल्याच्या तळमजल्यावर. मंगळवार ते शनिवार संध्याकाळी ५.३० ते ९.३०. रविवारी फक्त सकाळी ८.३० ते दुपारी २. सोमवारी बंद. दुचाकी दारात लागते. चारचाकी मेन रोडलाच लावून चालत या. गल्लीत घातलीत तर शेजारच्या काकांची गाडी अडते आणि त्यांच्याशी बोलायला मला पाठवलं जातं.

रविवारी सकाळी कोण चायनीज खातं?

ग्वांगदोंगच्या राजधानीत, ग्वांगजौमध्ये, आणि हाँगकाँगमध्ये सगळे. तिकडे डिमसम हे मुळात सकाळचंच खाणं. लोक चहाघरात जातात, वर्तमानपत्र उघडतात, एक किटली चहा आणि दोन टोपल्या घेऊन निवांत बसतात. म्हातारी माणसं तर रोज त्याच टेबलावर असतात. रात्रीच्या जेवणाला डिमसम ही नंतरची आणि बाहेरची सवय.

कोल्हापुरात सकाळ मिसळीची आहे, ते आम्हाला कुणी शिकवायला नको. आम्हीही त्याच कटावर वाढलोय. पण महिन्यातला एखादा रविवार इकडे द्या. त्या दिवशी ताई संध्याकाळी न मिळणारे दोन-तीन पदार्थ करते: कोंबडीचे पाय, कमळाच्या पानातला चिकट भात, आणि तांदळाच्या पातळ रोलचा चंग फन. रविवारची गर्दी हल्ली साडेदहानंतर वाढते. नऊला आलात तर खिडकीजवळचं टेबल मिळतं आणि ताईचा मूडही चांगला असतो.

आधी सांगून यावं लागतं का?

बसायला २२ जागा आहेत. चौघांपर्यंत असाल तर तसेच या, थोडं थांबावं लागेल. पाच किंवा जास्त असाल तर आदल्या दिवशी फोन करा. दहाच्या वर एकत्र बसवता येत नाही. वाढदिवसाला पंधरा जण आणायचे असतील तर आम्ही जागा नव्हे.

सांगितलेल्या वेळेला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर टेबल पुढच्याला देतो. 'अर्धी मंडळी आलीत, बाकीची ताराराणी चौकात आहेत, तोवर चढवा की टोपल्या' असंही करत नाही. कारण वर सांगितलंय.

सगळं एकदम का आणत नाही?

कारण सगळं एकदम आणलं तर शेवटची टोपली तुम्ही गार खाल, आणि बाहेर जाऊन 'पारी रबरासारखी होती' म्हणाल. दोन-दोन टोपल्या येतात. त्या संपत आल्या की पुढच्या वाफेवर चढतात. टेबलावर आलेली टोपली फोटोसाठी उघडी ठेवू नका. एक फोटो काढा आणि सुरू करा. बांबूचं झाकण परत ठेवलंत तरी चालतं, वाफेचं पाणी ते स्वतःत शोषून घेतं, खाली ठिबकू देत नाही. स्टीलच्या भांड्यात हेच पाणी पदार्थावर पडतं, म्हणून ताई अजूनही बांबूच्या टोपल्याच वापरते, जरी त्या धुऊन वाळवणं हा रोजचा छळ असला तरी. पावसाळ्यात तर त्या पंख्याखाली मांडून ठेवतो, नाहीतर बुरशी धरते.

पहिल्यांदा येतोय. काय मागवू?

दोघांना पाच-सहा टोपल्या पुरतात. एका टोपलीत बहुतेक प्रकार चार नगांचे, बाव (म्हणजे सारण भरून वाफवलेला मऊ पाव) तीन. हलक्यापासून सुरुवात करा: हार गाव किंवा, शाकाहारी असाल तर, फन गो. फन गोच्या सारणात शेंगदाणे, मुळा, कोथिंबीर असते. मूळचा पदार्थ ग्वांगदोंगच्याच पूर्वेकडच्या चाओजौ भागातला. मूळ कृतीत सुकवलेली कोळंबी असते, आमच्यात नसते. इथल्या लोकांना शेंगदाणा परका नाही, त्यामुळे हा प्रकार सगळ्यात आधी संपतो.

मग स्यू माय. वरून उघडी, पिवळसर पारीची. आमच्याकडे चिकन आणि कोळंबीची. मग मुळ्याची वडी. तिचं थोडं कौतुक करू द्या, कारण मेनूतल्या शेवटच्या ओळीत आहे म्हणून लोक तिच्याकडे बघतच नाहीत. किसलेला पांढरा मुळा त्याच्याच पाण्यात शिजवून, तांदळाचं पीठ घालून उकडतात, रात्रभर गार होऊ देतात आणि दुसऱ्या दिवशी जाड काप करून तव्यावर दोन्हीकडून खरपूस करतात. बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखी. आमच्याकडचा सगळ्यात स्वस्त पदार्थ हा आणि माझ्या मते सगळ्यात चांगलाही.

शेवटी बाव, आणि गोडात तिळाचे गोळे. चिकट तांदळाच्या पिठाची पारी, वर पांढरे तीळ, मंद आचेवर तळताना ती फुगत जाते. आत ताई काळ्या तिळाचं सारण घालते, साखरेऐवजी कोल्हापुरी गूळ वापरून. मूळ कृतीत गूळ नसतो. तिला तो आवडतो, एवढंच कारण.

झणझणीत काय आहे?

काही नाही. ग्वांगदोंगचं जेवण तिखटाचं नव्हेच. तिखटाचा प्रांत सिचुआन आणि हुनान. इथे कोळंबी कोळंबीसारखी लागली पाहिजे हा हट्ट असतो.

तरी कोल्हापुरात हॉटेल काढायचं आणि टेबलावर तिखट ठेवायचं नाही, एवढी हिंमत ताईचीही नाही. मिरचीचं तेल आम्हीच करतो. रंगाला ब्याडगी, जाळाला संकेश्वरी, आणि थोडं तिरफळ. सिचुआनची जी मिरी जीभ बधिर करते ती आणि आपलं कोकणातलं तिरफळ एकाच कुळातली भावंडं आहेत, म्हणून बाहेरून महाग काही आणायची गरज पडत नाही. तेल वेगळ्या वाटीत येतं. पहिला घास त्याच्याशिवाय खा, मग हवं तेवढं घ्या. पदार्थ पूर्ण बुडवून खाणारेही येतात, त्यांना आम्ही काही म्हणत नाही. ताई आतून बघते मात्र.

हक्का नूडल्स, मंचुरियन, ट्रिपल शेजवान?

मिळत नाही. त्याबद्दल नाक मुरडायचं काही कारण नाही, आम्ही स्वतः रात्री गाड्यावर जाऊन खातो. ते भारतात घडलेलं चायनीज आहे. कोलकात्यात स्थायिक झालेल्या हक्का या चिनी समाजाच्या लोकांनी, तिथल्या टांगरा भागातल्या चामड्याच्या कारखान्यांच्या आसपास, आपल्या जिभेला रुचेल असं ते रचलं. चिकन मंचुरियन तर मुंबईत नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास पहिल्यांदा केलं असं सांगतात. त्यासाठी मोठी कढई, भडका आणि भरभर हालणारा हात लागतो. डिमसमचं काम अगदी उलट: थंड टेबल, लहान सुरी आणि तासन्‌तास बसून चुण्या. मोठ्या चिनी हॉटेलांतही ही दोन किचनं वेगळी आणि त्यांचे शेफही वेगळे असतात. ताई डिमसमची आहे. कढई आमच्याकडे आहे, पण तळणीपुरती.

ताईंनी हे शिकलं कुठे?

मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलच्या चिनी किचनमध्ये, कोलकात्याहून आलेल्या एका वयस्कर उस्तादांच्या हाताखाली. सुरुवातीला तिला फक्त कोळंबी साफ करायला ठेवलं होतं. कोळंबीला मीठ आणि स्टार्च चोळून वाहत्या गार पाण्याखाली धुवायची, पुन्हा चोळायची, पुन्हा धुवायची, मग कपड्यात गुंडाळून कोरडी करून फ्रिजमध्ये. असं केल्याने ती चावताना कटकन तुटते, पिठूळ लागत नाही. हे ती अजून दुसऱ्या कुणाला करू देत नाही.

शाकाहारी लोकांनी यावं का? टोपल्या वेगळ्या असतात का?

यावं. मेनूतला निम्मा भाग शाकाहारी आहे. टोपल्या, तवा, तळणीचं तेल, सुऱ्या वेगळ्या. शाकाहारी टोपल्यांना हिरवी दोरी बांधलेली असते, स्वतः बघून घ्या. वाफेच्या चुलीही दोन आहेत, म्हणजे कोळंबीच्या टोपलीखाली तुमची टोपली रचलेली नसते. हा प्रश्न लोक संकोचत विचारतात. संकोचू नका. उलट दुसरीकडे कुठेही जाल तिथे ऑयस्टर सॉसबद्दलही विचारा, कारण तो कालव्यांपासून करतात आणि 'व्हेज' म्हणून येणाऱ्या बऱ्याच ग्रेव्ह्यांत तो असतो. आमच्याकडे शाकाहारीत अळंब्यांचा सॉस असतो. अंडं टार्टमध्ये, कस्टर्डच्या बावमध्ये आणि स्यू मायच्या पारीत आहे.

जैन जेवण मिळेल?

मिळेल, आदल्या दिवशी सांगितलं तर. चीनमधल्या बौद्ध मठांच्या शाकाहारात कांदा, लसूण आणि त्या कुळातलं काहीच चालत नाही. त्यामुळे कांदा-लसणाशिवायचं सारण ताईला नव्याने शोधावं लागलं नाही, शेकडो वर्षांची तयार परंपरा हाताशी होती. अडचण वेगळी आहे. मठात मुळा, गाजर, अळंबी चालतात, जैनांना चालत नाहीत. मग उरतं काय? टोफू, मका, पालक, फरसबी, शेंगदाणे, आल्याऐवजी मिरं. त्यातून तीन प्रकार होतात. तीनच, पण जुळवून घेतलेले वाटत नाहीत. बावमध्ये यीस्ट असतं. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी सांगावं.

सूर्यास्ताआधी जेवणारी बरीच मंडळी कोल्हापुरात आहेत, म्हणूनच आम्ही साडेपाचला उघडतो. डिसेंबरात सहाच्या सुमारासच सूर्य मावळतो, तेव्हा फोन करून आलात तर तुमच्यासाठी पाचला टोपल्या चढतील.

श्रावणात आणि नवरात्रात?

उघडं असतं. मांसाहार कमी करतो, बंद करत नाही. उपवासाचं काही नसतं. साबुदाण्याचं डिमसम करा अशी सूचना दरवर्षी येते आणि ताई दरवर्षी ऐकून घेते. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाच्या बाजूने येणार असाल तर वाहतूक वळवलेली असते, हातात वेळ ठेवून निघा.

मटण आहे का? पोर्क?

पोर्क आणि बीफ नाही. मूळ डिमसममध्ये पोर्क पुष्कळ असतं, चरबीसकट, आणि त्याशिवाय करताना चव थोडी बदलते हे कबूल करायला हवं. बावमध्ये भाजलेल्या गोडसर पोर्कऐवजी चिकनची मांडी वापरतो. चरबीच्या जागी तेल आणि थोडं लोणी.

मटणाचं विचारल्याशिवाय तर कोल्हापूरकर मेनू खाली ठेवत नाही. वाफवलेले मटणाचे गोळे आहेत. हाँगकाँगमध्ये ते बीफचे असतात, संत्र्याच्या वाळवलेल्या सालीचा वास असलेले. मटण एकाच दिशेने खूप फेटून, त्यात पाणी जिरवून ते मऊ करतात. रश्शाबरोबरच्या मटणाची अपेक्षा ठेवून खाल्लंत तर निराश व्हाल. पांढरा रस्सा प्यायची तल्लफ असेल तर त्यासाठी गावात उत्तम जागा आहेत, आम्हीच पत्ता सांगू.

कोंबडीचे पाय खरंच खातात?

खरंच. आधी तळतात, मग गार पाण्यात भिजवतात, त्यामुळे कातडी फुगून सुरकुतते. मग मसाल्यात मंद शिजवून, आंबवलेल्या काळ्या सोयाबीनचा सॉस लावून वाफवतात. मांस जवळपास नाहीच; सगळी मजा कातडीची आणि कूर्चेची. दातांनी सोडवायचं, हाडं बशीत काढायची. पाया सूप आवडणाऱ्यांना हे पहिल्या घासात जमतं. न आवडल्यास टोपली परत घेत नाही, मात्र शेजारच्या टेबलावर विचारतो. कुणीतरी हात वर करतंच.

अजिनोमोटो घालता का?

हा प्रश्न धमकीच्या सुरात येतो, म्हणून नीट सांगतो. अजिनोमोटो हे कंपनीचं नाव. पदार्थ मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या सुपातून ही चव वेगळी काढली. ग्लुटामेट टोमॅटोत असतं, जुन्या चीजमध्ये असतं, सोया सॉसमध्ये असतं. 'चायनीज खाल्लं की डोकं दुखतं' ही समजूत अमेरिकेत १९६८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रापासून फोफावली. नंतरच्या तपासण्यांत, जेवणात असतं तेवढ्या प्रमाणाशी तिचा पक्का संबंध लागला नाही. त्यातलं सोडियमही मिठापेक्षा कमी, साधारण १२ टक्के. मिठात ३९ च्या आसपास.

आता आमचं. सारणात ताई वेगळं घालत नाही, कारण चांगल्या कोळंबीला गरज पडत नाही. पण सोया सॉस आणि ऑयस्टर सॉसमध्ये ते असतं, त्यामुळे 'अजिबात नाही' अशी पाटी आम्ही लावणार नाही. तुम्हाला त्रास होतो असं वाटत असेल तर सांगा, सॉसशिवाय जे आहे ते देतो. एक वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नका.

ऍलर्जी असेल तर?

बसल्याबसल्या सांगा. कोळंबी, शेंगदाणा, तीळ, सोया आणि गहू हे आमच्या किचनमध्ये सगळीकडे असतात. गव्हाच्या चिकातलं ग्लुटेन बरंचसं निघून गेलेलं असलं तरी पूर्ण नाही, त्यामुळे सीलिॲक (ग्लुटेन न चालण्याचा आजार) असणाऱ्यांनी काचेसारखी पारीही खाऊ नये. आमच्याकडे त्यांच्यासाठी खात्रीने सुरक्षित असं काही नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, हे उत्तर बदलणार नाही.

चहा कोणता? दूध-साखर घालून मिळेल का?

डिमसमबरोबर बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा. चार प्रकार ठेवतो. मोगऱ्याच्या कुळातल्या फुलांनी गंधवलेला जस्मिन चहा पहिल्यांदा येणाऱ्यांना आवडतो. उलाँग हा हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला. शेवंतीच्या वाळवलेल्या फुलांचा चहा, ज्यात चहाची पत्ती नसतेच, तो रात्री झोप उडू नये म्हणून बरा. आणि पुअर: युन्नान प्रांतातला, आंबवून मुरवलेला, काळपट, पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास असलेला. तळलेल्या आणि तेलकट पदार्थांबरोबर तोच हवा. पुअरचं पहिलं पाणी पत्ती धुऊन टाकून देतो, 'एवढा चहा फेकला' असं समजू नका.

चहाच्या दोन रीती सांगतो, कारण त्या शिकल्या की माझं काम हलकं होतं. किटलीत पाणी संपलं की झाकण थोडं तिरकं करून ठेवा. हाक मारायची गरज नाही, मी येऊन गरम पाणी भरतो. आणि कुणी तुमच्या कपात चहा ओतला की दोन बोटं वाकवून टेबलावर हलके टकटक करायचं, म्हणजे आभार मानले. यामागे एक आख्यायिका आहे. छ्येनलुंग सम्राट वेष पालटून फिरत होता आणि त्याने स्वतःच्या चाकरांना चहा ओतला. साष्टांग घातला असता तर गुपित फुटलं असतं, म्हणून त्यांनी बोटांचे गुडघे टेकले. खरं असो नसो, आमच्याकडे येणारी कॉलेजची पोरं आता एकमेकांना पाणी वाढलं तरी टकटक करतात.

दुधाचा चहाही आहे, पण शेवटी. हाँगकाँगमध्ये कडक काळा चहा कापडी पिशवीतून गाळून त्यात आटवलेलं डब्यातलं दूध घालतात. डबा कशाला? कोल्हापुरात म्हशीचं दूध आहे. तेच आटवतो.

चॉपस्टिकने खाता येत नाही.

मग चमच्याने खा. बाव तर तिकडेही हातानेच खातात. चॉपस्टिक वापरणार असाल तर भातात उभ्या खोचून ठेवू नका, चिनी घरात ते मृतांसाठी लावलेल्या उदबत्तीसारखं दिसतं म्हणून अशुभ मानतात. पदार्थ टोचूनही उचलू नका. सूप नसलं तरी रस असतो आणि तो तुमच्याच शर्टावर येतो.

पार्सल?

काहींचं हो, काहींचं नाही. बाव, मुळ्याची वडी, तिळाचे गोळे, चिकट भात नेता येतात. हार गाव, फन गो आणि चंग फनचं पार्सल आम्ही देत नाही, दुप्पट पैसे देतो म्हणालात तरी. डिलिव्हरी ॲपवरही नाही. डब्यात बंद वाफेवर वीस मिनिटं फिरून आलेली हार गावची पारी वर चिकट आणि आत कडक होते, आणि नाव ताईचं जातं.

घरी डिमसम हवंच असेल तर कच्ची, फ्रोझन स्यू माय मिळते, बारा नगांचं पाकीट. वितळू न देता थेट मोदकपात्रात किंवा इडलीच्या कुकरमध्ये, शिट्टी काढून, उकळी फुटल्यावर दहा-बारा मिनिटं. खाली कोबीचं पान घाला, चिकटत नाही. बाव गरम करायचा तर पुन्हा वाफेवरच. मायक्रोवेव्हमध्ये टाकलात तर आधी ओलं कापड गुंडाळा, नाहीतर दगड होतो.

एवढं महाग का? मोमो साठ रुपयांना मिळतात.

शाकाहारी टोपली १७० रुपये, चिकन २१०, कोळंबी २६०. मुळ्याची वडी १४०. चहाची किटली माणशी ६०, गरम पाणी हवं तितकं. सर्व्हिस चार्ज नाही. साठ रुपयांचे मोमो यंत्रावर वळलेले, गोठवलेले येतात, आणि त्या पैशांत ते ठीकच असतात. इथे प्रत्येक नग ताई आणि तिच्यासोबतच्या दोन बायका दुपारी बसून वळतात. जेवढे वळून होतात तेवढेच त्या दिवशी. म्हणून साडेआठनंतर मेनूतल्या ओळी खोडलेल्या दिसतील.

पावसाळ्यात कोळंबी ताजी असते का?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारी बंद असते. त्या काळात आम्ही तळ्यात वाढवलेली, गोठवून आलेली व्हॅनामी कोळंबी वापरतो आणि फळ्यावर तसं लिहितो. एरवी माल रत्नागिरीकडून आंबा घाटाने नाहीतर मालवणकडून गगनबावड्याच्या वाटेने येतो. घाटात दरड आली की कोळंबी नाही, साधा हिशेब. महापुराचं तर विचारू नका: २०१९ आणि २०२१ ला महामार्गच बंद झाला होता. पंचगंगा धोक्याच्या पातळीकडे चालली की निघण्याआधी फोन करा.

लहान मुलांसाठी काही?

कस्टर्डचा बाव. आत गरम असतो, आधी तुम्ही फोडून द्या. उंच खुर्ची एकच आहे.

किचन बघू देता का? शिकवता का?

काचेतून दिसतंच. आत यायचं असेल तर रविवारी दोननंतर, गर्दी उतरल्यावर, ताईला विचारा. वर्ग घेत नाही. घरी करून बघणाऱ्यांना ती चिकाचं प्रमाण मोकळेपणाने सांगते, कारण तिच्या मते प्रमाण कळल्याने कुणाला चुण्या येत नाहीत.

केक आणला तर चालेल?

चालेल. सुरी आणि बश्या देतो. फटाक्याची मेणबत्ती आणि तोंडाला क्रीम फासणं बाहेर गल्लीत, आणि तेही शेजारच्या काकांची गाडी सोडून.